आधी थांबे ठरवा, मग प्रवास : इंग्लंडच्या कालव्यांतून होडीनं जाणाऱ्यांसाठी

पूर्णा, वसमत, परभणी, नांदेड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतली मुलं आता इंग्लंडात आहेत. आईवडील सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर त्यांच्याकडे जातात. लंडन पाहून होतं, नातवंडांची शाळा पाहून होते, आणि मग सुनेच्या किंवा मुलाच्या मनात येतं की आठवडाभर एक नॅरोबोट भाड्यानं घ्यावी आणि कालव्यातून फिरावं. त्यासाठी परवाना लागत नाही. सुरुवातीचं शिक्षण होडी देणारी मंडळीच देतात. होडीत झोपायला पलंग, स्वयंपाकाला शेगडी, अंघोळीला शॉवर असतो, आणि वेग माणसाच्या चालण्याएवढा. कुटुंबानं एकत्र राहून करायचा याहून चांगला प्रवास मला माहीत नाही. पण बहुतेक घरं हा प्रवास रस्त्याच्या सहलीसारखा आखतात. आज अमुक गाव, उद्या तमुक, असं कागदावर मांडतात आणि तिसऱ्या दिवशी बंद लॉकपुढे हिरमुसून बसतात. कालव्याचा प्रवास उलट्या बाजूनं आखावा लागतो. पाणी कुठं कमी आहे, कोणतं लॉक कधी बंद असतं, कुठं दोन दिवस सुखानं थांबता येईल, हे आधी पाहायचं. गावांची नावं त्यानंतर.

आपण सिद्धेश्वर धरणाचा कालवा पाहत मोठे झालो. त्याला उतार असतो, पाणी वाहत जातं, चारीतून शेतात शिरतं आणि पाळी संपली की कालवा कोरडा पडतो. इंग्लंडातला वाहतुकीचा कालवा वेगळ्या जातीचा आहे. 1761 मध्ये वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत देशभर कालव्यांचं जाळं पसरलं. त्यांत पाणी जवळजवळ उभं असतं. जमीन जिथं चढते किंवा उतरते तिथं कालव्याला पायरी दिलेली असते. ती पायरी म्हणजे लॉक : दगडी किंवा विटांचा लांबट हौद, दोन्ही टोकांना लाकडी किंवा लोखंडी दारं. हौदात पाणी भरलं की होडी वर चढते, सोडलं की खाली उतरते. पंप नाही, वीज नाही. वरचं पाणी खाली येतं, तेवढ्याच जोरावर सगळं चालतं.

हे आपल्याला अगदी परकं नाही. पूर्णा नदी आपल्याच पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते, आणि त्याच गोदावरीवर खाली आंध्रात धवळेश्वरमला आर्थर कॉटननं 1852 मध्ये धरण पुरं केलं. त्याच्या कालव्यांना लॉक होती आणि त्यांतून भाताच्या होड्या चालत. कॉटनचं स्वप्न याहून मोठं होतं. वर्धेच्या खोऱ्यातला कापूस गोदावरीनं थेट समुद्रापर्यंत न्यायचा. वाटेत खडकाळ, वेगवान पाण्याचे तीन टप्पे होते, दुम्मागुडेम, एंचमपल्ली आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं प्राणहितेवरचं देवलमरी. तिथं बांध, बगल कालवे आणि लॉक यांची कामं सुरू झाली. रेल्वे 1867 मध्ये नागपुरात पोचली, कापसाला दुसरी वाट मिळाली, आणि 1871 मध्ये ही कामं थांबवण्यात आली. आज आपल्याकडे ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे गोदावरीवर आहेत, पण ते पाणी साठवण्यासाठी. होडी चढवण्यासाठी नाहीत. म्हणून लॉकमधून जायचं तर आपल्या माणसाला बहुधा परदेशातच संधी मिळते. ती मिळाली तर नीट तयारीनं घ्यावी.

पहिलं काम वेळेचा हिशोब. कालव्यावर वेगमर्यादा ताशी 4 मैलांची आहे, आणि काठाला बांधलेल्या होड्यांजवळून जाताना इंजिन अगदी हळू करावं लागतं. म्हणून ताशी 3 मैल धरा. एका लॉकला एक मैलाएवढा वेळ, म्हणजे वीस मिनिटं. जेवढे मैल असतील त्यांत लॉकची संख्या मिळवा आणि तिनानं भागा. येतील ते तास. बारा मैल आणि नऊ लॉक म्हणजे सात तास. नवशिक्यांना प्रत्येक लॉकला अर्धा तास लागतो, त्यामुळे हाच पल्ला साडेआठ तासांवर जातो. घरात साठीच्या पुढची माणसं आणि लहान मुलं असतील तर दिवसाला चार-पाच तासांहून अधिक चालवू नका. संध्याकाळी अंधारात होडी चालवायला भाड्याच्या होड्यांना मनाई असते. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो म्हणून मोह होतो, तो टाळा. दमलेली माणसंच लॉकमध्ये चुका करतात.

आता या हिशोबात ‘फोर काउंटीज रिंग’ घालून पाहा. होडीनं गोल फिरून निघालो तिथंच परत यायचं, एकही जागा दुसऱ्यांदा पाहायची नाही, म्हणून ही वर्तुळाकार वाट अनेकांना भुरळ घालते. सुमारे 110 मैल आणि 94 लॉक. बेरीज 204, भागिले तीन, 68 तास. सात दिवसांत करायचं तर रोज जवळजवळ दहा तास. श्वास घ्यायलाही सवड नाही. आणि वर्तुळाचा मोठा धोका असा की ते एका जागी तुटलं की सगळंच तुटतं. मार्च 2018 मध्ये याच वर्तुळातल्या मिडलविच शाखेचा बांध फुटला आणि तो टप्पा डिसेंबरपर्यंत बंद राहिला. एखाद्या लॉकची पॅडल उघडी राहिल्यानं पाणी बांधावरून वाहिलं असावं, असं कालव्यांची देखभाल करणाऱ्या ट्रस्टनं तेव्हा सांगितलं. पॅडल म्हणजे दारातली किंवा भिंतीतली पाणी सोडायची झडप. एका झडपेकडे दुर्लक्ष झालं तर नऊ महिने वाट बंद राहू शकते, हे लक्षात ठेवून लॉकला हात लावा.

माझा सल्ला स्पष्ट आहे : पहिल्या खेपेला जाऊन परत येण्याचा मार्ग घ्या. वाटेत अडलात तर तिथून वळायचं, एवढंच. वळण्याचीही जागा ठरलेली असते. नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद, पण लांबीला तीसपासून सत्तर फुटांपर्यंत. कालव्याच्या रुंदीत ती आडवी मावत नाही. ठरावीक अंतरावर काठ मागे सरकवून रुंद जागा केलेली असते, तिला ‘वाइंडिंग होल’ म्हणतात आणि नकाशात ती त्रिकोणानं दाखवलेली असते. निघण्यापूर्वी नकाशावर प्रत्येक वाइंडिंग होलभोवती लाल गोल करा आणि आपल्या होडीची लांबी तिथं वळेल का, हे विचारून घ्या. बंद लॉकपाशी पोचल्यावर कळलं की मागची वळणाची जागा चार मैलांवर आहे, तर सत्तर फुटांची होडी उलटी चार मैल नेणं नवशिक्याच्या आवाक्यातलं नाही.

लॉक अजिबात नको असतील तर लेस्टरशर आणि वॉरिकशरमधला अॅशबी कालवा आहे, सुमारे 22 मैल, सलग सपाट. लॉक शिकायची इच्छा आहे पण थोडीच, अशांसाठी वेल्समधला मॉनमथशर अँड ब्रेकन कालवा : 35 मैलांत मोजून सहा लॉक. लँगोलेन कालवा सर्वांत प्रसिद्ध, कारण त्यावर पॉन्टकेसिल्टे जलसेतू आहे, 1805 चा, नदीपासून 38 मीटर उंच, लोखंडी पन्हाळीतून होडी जाते आणि एका बाजूला कठडासुद्धा नाही. पण डिसेंबर 2025 मध्ये व्हिटचर्चजवळ या कालव्याचा बांध फुटला, म्हणून त्या बाजूचं बुकिंग करण्याआधी सध्या कुठून कुठवर वाट खुली आहे याची खात्री करा.

बंदीचे प्रकार समजून घेतले तर चिडचिड कमी होते. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे, जवळपास 2,000 मैल, 2012 पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत. लॉकची दारं बदलणं, भिंती दुरुस्त करणं ही मोठी कामं नोव्हेंबर ते मार्च या काळात होतात आणि त्यांची यादी आधी प्रसिद्ध होते. ही बंदी ठरलेली, त्यामुळे तिच्यात अडकण्याचं कारण नाही. भाड्याचा मुख्य हंगामही मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरपर्यंतच असतो. दुसरी बंदी अचानक येते. झाड पडलं, दाराला होडी धडकली, झडपेचा दांडा मोडला. अशी दुरुस्ती काही तासांत होते किंवा काही दिवस घेते. तिसरा प्रकार बांध फुटण्याचा, तिथं आठवडे नव्हे तर महिने जातात. 1 जानेवारी 2025 रोजी ब्रिजवॉटर कालवा लिटल बोलिंग्टनजवळ फुटला आणि ‘चेशर रिंग’ ही आणखी एक वर्तुळाकार वाट तुटली. इथं एक बारकावा आहे : ब्रिजवॉटर ट्रस्टच्या ताब्यात नाही, तो खासगी कंपनीचा आहे. टेम्स नदी एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे, स्कॉटलंडचे कालवे स्कॉटिश कॅनाल्सकडे. तुमच्या वाटेवर दोन मालक असतील तर सूचनाही दोन ठिकाणी पाहाव्या लागतात. ट्रस्टच्या संकेतस्थळावर कालव्याचं नाव निवडून ईमेलनं सूचना मागवता येतात. बुकिंगआधी, निघायच्या आठवड्यात आणि मग रोज सकाळी चहाबरोबर त्या वाचाव्यात.

चौथी बंदी दुष्काळाची. आपल्या माणसाला ती लगेच उमगते. सात फुटी अरुंद लॉक एकदा रिकामं केलं की साधारण सव्वा लाख लिटर पाणी खालच्या पातळीवर जातं. बारा हजार लिटरच्या टँकरनं मोजायचं तर दहा टँकर. रुंद लॉकला याच्या दुप्पट. आणि कालवा डोंगरमाथा ओलांडतो तिथं माथ्यावरच्या पाण्यातून होडीसाठी दोन्ही उतारांना पाणी द्यावं लागतं. ते पाणी येतं जुन्या तलावांतून. लंडन आणि बर्मिंगहॅमला जोडणाऱ्या ग्रँड युनियन कालव्याचा ट्रिंगचा माथा विल्स्टन, मार्सवर्थ, स्टार्टॉप्स एंड अशा तलावांवर चालतो. तलाव उतरला की माथा बंद. 2025 मध्ये इंग्लंडनं 1893 नंतरचा सर्वांत कोरडा वसंत पाहिला आणि त्या उन्हाळ्यात लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा टप्पा बंद ठेवावा लागला. मॅकल्सफील्ड, पीक फॉरेस्ट या कालव्यांवर आणि इतर ठिकाणीही लॉकना कुलूप लागलं. पीक फॉरेस्ट आणि मॅकल्सफील्डची अडचण जुनी आहे. त्यांना पाणी देणाऱ्या टॉडब्रुक तलावाचा सांडवा ऑगस्ट 2019 च्या पावसात खचला, खालच्या व्हेली ब्रिज गावातल्या सुमारे 1,500 लोकांना घर सोडावं लागलं, आणि पुढची अनेक वर्षं दुरुस्तीत गेली. येलदरी किती भरलं हे आपण जसं पेपरात शोधतो, तसं तुमच्या मार्गावरच्या तलावांचा साठा पाहा. ट्रस्ट तो प्रसिद्ध करतो. जूनमध्येच साठा खाली असेल तर ऑगस्टची वाट दुसरी निवडा.

पाणी वाचवायचे मार्ग प्रत्येक होडीवाल्याच्या हातात आहेत. तुम्ही खालून येताय आणि लॉक भरलेलं आहे. रिकामं करण्याआधी वर चालत जाऊन समोरून कुणी येतंय का बघा. येत असेल तर थांबा, त्याला आधी खाली येऊ द्या. त्याच रिकाम्या लॉकमध्ये तुम्ही शिराल, आणि दोन होड्यांचं काम एका भरणीत होईल. रुंद लॉकमध्ये शेजारी दुसरी होडी मावते. मागून कुणी येत असेल तर दहा मिनिटं थांबून बरोबर जा. निघताना दोन्ही दारं लावली आणि सगळी पॅडल खाली आहेत याची खात्री केली, एवढं झालं तरी पुष्कळ.

पाचवा प्रकार पुराचा, तोही फक्त नद्यांवर. टेम्स, सेव्हर्न, सोअर, एव्हन या नद्यांवर कालव्याचा मार्ग उतरतो किंवा त्यांतूनच जातो. टेम्सच्या लॉकवर प्रवाह वाढू लागला की पिवळी पाटी लागते आणि जोरदार असला की लाल. भाड्याच्या होडीनं लाल पाटीवर हलायचं नाही. पिवळ्या पाटीवरही होडी देणाऱ्यांना विचारल्याशिवाय नको. पुरात नदीवर थांबावं लागलं तर रात्री दोर तपासायला उठा : पाणी चढलं की आखूड दोर होडीला तिरकी ओढतो, उतरलं की ती काठावर लटकते.

लॉक कसं चालवायचं हे आता जरा सविस्तर, कारण जिवाला धोका इथंच आहे. साधन एकच : काटकोनात वळलेलं लोखंडी हँडल, त्याला विंडलास म्हणतात. ते दारावरच्या किंवा बाजूच्या दांड्यावर बसवून फिरवलं की पॅडल उचललं जातं. फिरवताना दात्यांत अडकणारा खटका लागला आहे ना, हे पाहा, आणि हात काढण्यापूर्वी विंडलास काढून घ्या. दांड्यावर राहिलेलं विंडलास खटका सुटला की भिरभिरतं आणि मनगट मोडतं. निसटलंच तर पकडायला जाऊ नका, मागे व्हा. साडीचा पदर, ओढणी, मफलर मोकळा नको. पँट किंवा खोचलेली साडी, आणि पायात घट्ट रबरी तळव्याचे बूट. चपला अजिबात नको, लॉकचा काठ बहुधा ओला आणि शेवाळलेला असतो.

वर चढताना होडी रिकाम्या लॉकमध्ये घ्या, खालची दारं लावा, मग वरची पॅडल अर्धी उघडा. जमिनीतली पॅडल असतील तर ती आधी. दारातली पॅडल पाण्याखाली गेल्याशिवाय उघडू नका, नाहीतर पाण्याचा लोंढा थेट होडीच्या पुढच्या भागात येतो. उतरताना धोका दुसरा. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. काठावर पांढरी रेघ आणि ‘सिल’ असं लिहिलेलं दिसतं. होडीचं मागचं टोक, सुकाणूसकट, त्या रेघेच्या पुढे ठेवायचं. पाणी उतरताना मागचं टोक उंबरठ्यावर राहिलं तर पुढचं टोक खाली जातं आणि होडी काही क्षणांत बुडू शकते. असं होताना दिसलं तर ताबडतोब खालची पॅडल बंद करा आणि मग वरची उघडून पाणी परत भरा. क्रम उलटा करू नका. चढताना पुढचं टोक दाराखाली अडकलं तर वरची बंद करून खालची उघडायची. आणि उतरताना दोर खांबाला गाठ मारून कधीच बांधायचा नाही.

माणसं कामाला लावताना एक नियम पाळा. सुकाणू एकाकडे, पॅडल दोघांकडे, आणि पॅडलवाल्यांनी सुकाणूवाल्याच्या डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. ओरडून बोलू नका, पाण्याच्या आवाजात शब्द कळत नाहीत. हाताच्या खुणा ठरवून ठेवा. दार उघडायला ताकद लागत नाही असं नाही, पण पाठ लावून रेटलं की साठीची बाईसुद्धा ते सहज उघडते, फक्त दोन्ही बाजूंचं पाणी समान झालेलं हवं. दार हलत नसेल तर पाणी अजून बरोबरीला आलेलं नाही. गाडीला धक्का द्यावा तसं दोघा-तिघांनी मिळून रेटू नका. मुलांना लाइफ जॅकेट सतत, आणि लॉकच्या काठावर पळायचं नाही. कालव्यात इतरत्र पडलं तर पाणी बहुधा कमरेएवढंच असतं, उभं राहता येतं. लॉकमध्ये नाही. कुणी पडलं की आधी इंजिन बंद, पंखा फिरता ठेवायचा नाही, पॅडल बंद, मग दोर किंवा बांबू. मदत हवी तर 999, आणि जागा सांगताना जवळच्या पुलावरचा क्रमांक सांगा. कालव्यावरच्या बहुतेक पुलांना क्रमांकाची पाटी असते.

काही ठिकाणी ट्रस्टचे लॉककीपर किंवा स्वयंसेवक उभे असतात. त्यांना नमस्कार करून विचारा, ते आनंदानं शिकवतात. फॉक्स्टनला एकाला एक लागून पाच लॉकच्या दोन माळा आहेत, 1814 च्या, 23 मीटरची चढण; तिथं नाव नोंदवून पाळीची वाट पाहायची आणि लाल पॅडल आधी, पांढरं नंतर, हा क्रम पाळायचा. डिव्हायझेसची केन हिल चढण 29 लॉकची आहे. ती पार करायला पाच-सहा तास लागतात, म्हणून दुपारनंतर आत सोडत नाहीत. अशा ठिकाणी उशिरा पोचणं म्हणजे एक रात्र गेली.

आता प्रत्यक्ष अडल्यावर काय. पहिला फोन होडी देणाऱ्यांना. त्यांना त्या भागातली बातमी तुमच्याआधी कळलेली असते आणि मार्ग बदलायचा की होडी तिथंच सोडायची, हे तेच ठरवतात. मनानं कुलूप काढू नका, बंद पॅडलला हात लावू नका. मग जागा निवडा. लॉकजवळच्या ज्या काठावर खांब आणि लॉकची पाटी असते ती फक्त चढण्या-उतरण्यासाठी; तिथं मुक्काम नाही. दोन लॉकमधल्या आखूड टप्प्यातही रात्र काढू नका. कुणी पॅडल उघडं ठेवलं तर तो टप्पा रात्रीत रिकामा होतो आणि होडी चिखलात कलंडते. लांब सपाट टप्पा, काठ लोखंडी पत्र्याचा, जवळ नळ आणि चालत जाण्याएवढ्या अंतरावर दुकान, शक्य असेल तर रेल्वे स्टेशन, अशी जागा शोधा. टोपाथच्या, म्हणजे काठावरच्या पायवाटेच्या, बाजूला वेगळी पाटी नसेल तर चौदा दिवसांपर्यंत फुकट थांबता येतं. दोन्ही टोकांचे दोर थोडे तिरके बांधा, म्हणजे शेजारून होडी गेली की तुमची पुढेमागे ओढली जाणार नाही. इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ बंद. शेजारच्या होड्यांत लोक कायमचे राहतात, त्यांची झोप तुमच्या बॅटरीपेक्षा महत्त्वाची.

थांबण्याचा काळ वाया गेलेला समजू नका, पण त्यासाठी सामान हवं. होडीतली पाण्याची टाकी आठवडाभर पुरत नाही. बादलीत मोजून अंघोळ करायची आपली सवय इथं कामाला येते. दर दिवशी किंवा दिवसाआड नळ दिसला की भरून घ्या. तासभर लागतो आणि रांगही असते. नळाची आणि शौचालयाच्या खोलीची किल्ली एकच असते, ती होडीबरोबर देतात. ती पाण्यात पडली की प्रवास अडतो, म्हणून तिला तरंगणारा बुचाचा गोळा लावतात, तो काढू नका. डाळ, तांदूळ, पोहे, ज्वारीचं पीठ दोन दिवस पुरेल एवढं वेगळं ठेवा. लेस्टर आणि बर्मिंगहॅमला आपलं वाणसामान सहज मिळतं आणि दोन्ही शहरांत कालवा थेट मध्यवस्तीत येतो. प्रेशर कुकर चालतो. फोडणी देताना मात्र बाजूचं दार उघडं ठेवा. धुरानं अलार्म वाजला म्हणून कुणी त्याची बॅटरी काढू नये. शेजारी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असतो आणि त्या वायूला वास नसतो. थंडी आहे म्हणून वायुवीजनाची भोकं चिंध्यांनी बुजवणं हे होडीत जीव जाण्याचं मोठं कारण आहे. घरच्या ज्येष्ठांची औषधं आठवड्याऐवजी दहा दिवसांची घ्या, आणि ती पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा.

थांबलेल्या दिवशी ट्रेननं जवळचं गाव पाहा. होडी कुलूप लावून काठावर सुरक्षित राहते. बर्मिंगहॅमच्या गॅस स्ट्रीट बेसिनला उतरून शहर पायी पाहता येतं. स्टोक ब्रुअर्नला कालव्यांचं संग्रहालय आहे. मुलांना लॉकवरच्या स्वयंसेवकाबरोबर तासभर उभं राहू द्या. इतर होड्यांना दार उघडून द्यायला ती धावत जातात आणि दिवस सरतो.

पैशाची बाजू बुकिंगच्या आधी लेखी घ्या. पाण्याअभावी किंवा बांध फुटल्यानं मार्ग बंद झाला तर होडी देणारे दुसऱ्या तळावरची होडी देतात का, पैसे परत करतात का, की फक्त मार्ग बदलतात? बहुतेक करारांत मार्गाची हमी नसते, होडीची असते. प्रवास विमा असेल तर जलमार्ग बंद होणं त्यात बसतं का, हे विचारा. दोन कंपन्यांची उत्तरं वेगळी येतील. मला विचाराल तर भाडं थोडं अधिक असलं तरी दोन कालव्यांच्या सांध्यावर तळ असलेल्याकडून होडी घ्या. एक बाजू बंद झाली तर दुसरीकडे जाता येतं.

परतीची तारीख शेवटी ठरवायची नाही, आधी. होडी बहुधा सकाळी नऊच्या सुमारास परत द्यावी लागते, म्हणून आदल्या संध्याकाळी तळापासून एक तासाच्या आत मुक्काम करा आणि तेवढ्या अंतरात शक्यतो एकही लॉक ठेवू नका. होडी देण्याचा दिवस आणि भारतात परतीचं विमान यांत किमान तीन दिवस मोकळे राहू द्या. अडलात तर होडी सोडून ट्रेननं निघता येतं, पण सगळं सामान काठावरून उचलून न्यावं लागतं, म्हणून बॅगा मऊ कापडी घ्या. कडक सूटकेस नॅरोबोटच्या दारातून आडवी जात नाही आणि ठेवायला जागाही नसते.